लाईट नसताना मस्कत लावलं, त्याची गोष्ट

"नाय लागलं तर तुझी अर्धी मिशी कापायची, लागलं तर माझी. उजवी. बोल, मंजूर?"

"मंजूर!"

बस, हा एक शब्द. हा तोंडातून निसटला नसता ना, तर आज तुमच्यासोबत चहा पिताना मी मान वर करून बसलो असतो. आता विषय काढलाच आहे तर सगळी फजिती सांगतो. हसायचं तर हसा, पण आमच्या आईसमोर नको. तिला अर्धीच माहितेय.

पैज लावणारा पक्या. हा माझा दोस्त. स्वतः काही करत नाही, दुसऱ्याला चढवतो. आणि चढणारा मी, मंगेश. कोपर गावाच्या कडेला आमची चाळ. दहावीला दोनदा बसलोय. दोन्ही वेळेला पेपरच मला घाबरला. तरीपण आळीत मला सगळे 'इंजिनेर' म्हणतात! का? कारण आमच्या घरात कॉम्प्युटर आहे. आहे दादाचा, पण दादा सकाळी ठाण्याला कामाला गेला, की तो माझा.

त्याला नेट पण आहे, टेलिफोनच्या तारेवरचं. मोडेम नावाची एक डबी असते. ती आधी कुंई-कुंई-खर्रर्र करून रडते, मग नेट लागतं. आणि नेट लागलं की घरचा फोन मेला! कोणी कितीपण नंबर फिरवू दे, एंगेज. यावरून आईची आणि माझी रोज भांडणं. हे ध्यानात ठेवा, पुढे मी याच खड्ड्यात पडलोय.

आता चांगुणाकाकी. आमच्या मागेच गावात तिचं घर, जुनी आगरी मंडळी. नवरा नाही. मुलगा हरेश तीन वर्षं मस्कतला, क्रेनवर. मुलगी वनिता, तिचं लग्न पंधरा दिवसांवर. हरेशला तिकडच्या कोणा दोस्ताने कॅफेत बसून चॅट करायला शिकवलेलं. दर शुक्रवारी साडेअकराला तो तिकडे टाईप करणार, मी इकडे काकीला वाचून दाखवणार. काकी शाळेत गेलेली नाही. ती बोलणार, मी टाईप करणार. असं वर्षभर झकास चाललेलं.

पण उन्हाळा लागला आणि शुक्रवार झाला आमच्याकडचा लाईटीचा उपास! सकाळी नऊला जाते, ती संध्याकाळी कधीतरी येते. आणि हरेशला तिकडे सुट्टी कधी? फक्त शुक्रवारी! सांगा आता, करायचं काय माणसाने? फोन करायचा तर मस्कतहून मिनिटाला एवढे पैसे, की हरेश तो कधी करायचा नाही.

असे तीन शुक्रवार कोरडे गेले. काकीला एकच उत्तर हवं होतं. हरेश लग्नाला येतोय का? लग्नात नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा सख्खा भाऊ लागतो ना! चुलत दिराचा मुलगा तयार होऊन बसलेला, पण काकी त्याला ना हो म्हणत होती ना नाही. रोज आमच्या दारात येऊन विचारायची, "मंगेश, माजे पोराचा काय आला का रं?"

त्यावरूनच पक्याने मला डिवचलं. "इंजिनेर ना तू? मग लाईट नसताना मस्कत लावून दाखव."

आणि मी म्हटलं, मंजूर.

तसं माझं डोकं चाललेलं, हां! कॉम्प्युटरला यूपीएस होता. म्हणजे लाईट गेली की कॉम्प्युटरला थोडा वेळ जिवंत ठेवणारा खोका. आमचा म्हातारा झालेला, दीड मिनिट पीं-पीं करून झोपायचा. त्याच्या पोटात छोटी बॅटरी असते. ती काढून तिथे गाडीची मोठी बॅटरी जोडली तर? रेडिओ रिपेरवाल्याकडे मी हे डोळ्यांनी बघितलेलं.

चौथ्या शुक्रवारी सकाळीच गाठलं तिला. "काकी, एक गाडीची बॅटरी लागेल."

"एवराच ना? दिराचा टेम्पो उबा हाय. आज कारखाने बंद, त्याला बी सुट्टी."

मी आणि पक्या टेम्पोजवळ गेलो. बॅटरी सोडवली. उचलायला गेलो तर पक्याची कंबर धरली आणि माझे डोळे बाहेर आले. काकी उभी राहून बघत होती. मग तिने पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, "सरका रं म्हाताऱ्यांनो" बोलली आणि मासळीची पाटी घ्यावी तशी ती बॅटरी डोक्यावर घेऊन चालायला लागली! एक हात पण लावला नाही. आम्ही दोघे जवान मागून स्क्रू आणि पाना घेऊन.

सव्वाअकरापर्यंत आमच्या खोलीत पंधरा माणसं. वनिता, तिच्या मैत्रिणी, काकीची जाऊ, खिडकीत चार पोरं. आमची आई बाजारात गेलेली, म्हणून तर एवढी हिंमत. मी तारा जोडल्या, लाल लालला, काळी काळ्याला. बटण दाबलं.

कॉम्प्युटर चालू!

काय टाळ्या पडल्या राव! पंखा बंद, ट्यूब बंद, अख्ख्या कोपरमध्ये लाईट नाही आणि आमचा पडदा निळाशार. पक्याचा हात आपोआप स्वतःच्या मिशीवर. मी रुबाबात नेटचं बटण दाबलं.

कुंई नाही. खर्र नाही. काहीच नाही.

वाकून बघितलं तर मोडेमचे दिवे बंद. त्याचा प्लग कुठे? भिंतीतल्या बोर्डात! ज्या बोर्डात लाईट नाही, त्याच बोर्डात! यूपीएसला मागे दोनच भोकं, ती पण कॉम्प्युटरच्या वायरीपुरती. मोडेमचा प्लग त्यात जन्मात बसला नसता. म्हणजे घोडा सजवला, बँड लावला आणि नवरदेव घरी राहिला.

मी वर बघितलं. पंधरा माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती.

"लागला का रं?" काकी.

आता इथे चांगल्या माणसाने काय केलं असतं? सांगितलं असतं, काकी, घोटाळा झाला. मी काय केलं? लिहायचं एक कोरं पान उघडलं आणि बोललो, "लागलं! हरेश आला बघ!"

काकी पडद्यावर ओणवी झाली आणि मस्कतपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, "हरेश! जेवलास का?"

मी खडखड टाईप केलं, इंग्रजी अक्षरांत, जी तिथे कोणाला धड वाचता येत नव्हती. मग वाचल्यासारखं केलं. "हो आये, जेवलो. पन तुजे हातच्या भाकरीची याद येते."

"बग! बग कसा बोलतंय!" काकीने जावेला कोपर मारलं.

मला जोर चढला. "आये, तू बारीक झालीस का? काम कमी कर. रात्री तुझी लय आठवण येते." मी हरेश होऊन असा काही सुटलो की विचारू नका. मैत्रिणी मुसमुसायला लागल्या. पक्यापण डोळे पुसत होता, मिशी गेली म्हणून असेल.

मग काकी एकदम हळू झाली. पडद्याला हात लावून बोलली, "पोरा, येशील ना रं लग्नाला? कान कोन पिलनार?"

खरं सांगतो, मी ठरवलेलं. लिहायचं, अजून साहेबाने सांगितलं नाही, पुढच्या शुक्रवारी सांगतो. तेवढी अक्कल मला पण आहे. पण मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि तिथेच माती खाल्ली.

"येतंय, आये. नक्की येतंय."

झालं! वनिता रडत बाहेर पळाली. जाऊ ओरडली, "अगो, हरेश येतंय!" खिडकीतली पोरं आळीत बातमी घेऊन धावली. काकीने चुलत दिराकडे निरोप धाडला की तुमच्या पोराला कान पिळायला येऊ नको म्हणावं. कोणीतरी शिंप्याकडे निघालं, हरेशच्या जुन्या मापाने सफारी शिवायला. आणि बाकीच्यांनी माझ्याभोवती रांग लावली!

"त्याला सांग, मला घड्याळ."

"सांगितलं. आणतो बोलला."

"खजूर?"

"आणतो."

"आमच्या यांना अत्तर, आन जाड कांबला."

"अत्तर आणि ब्लँकेट. आणतो, आणतो."

मस्कतचं अर्धं मार्केट मी त्या गरीब माणसाच्या बॅगेत भरलं. आणि तेवढ्यात...

ट्रिंग ट्रिंग!

आमचा फोन. नेट लागलेलं असताना जो फोन वाजूच शकत नाही, तो फोन! आणि त्याला कुठे लाईट लागते? फोनला त्याच्या तारेतूनच करंट येतो. तो मेला लाईट नसली तरी ठणठणीत वाजतो!

पक्याने माझ्याकडे बघितलं. मी झडप घालून उचलला.

"हॅलो, मंग्या? हरेश बोलतोय. अर्धा तास बसलोय कॅफेत, तुम्ही येतच नाय. आयेला दे लवकर."

"राँग नंबर!" मी ठेवून दिला.

लाज वाटते सांगताना. तो एवढ्या लांबून आईचा आवाज शोधतोय, आणि मी राँग नंबर.

परत वाजला. माझा हात पोचायच्या आत दारातून आलेल्या वनिताने उचलला. "हॅलो? कोण?... दादा?"

 काकीने रिसीव्हर घेतला. तिने एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा फोनकडे.

"हरेश? अरं, आता तं इकरं बोलत व्हतास... काय? सुट्टी नाय?" काकीचा आवाज चढला. "नाय कसा? आता बोललास, नक्की येतंय! पंधरा मानसा साक्षीला हायत!"

पलीकडून हरेश काहीतरी सांगत होता.

"खोटा बोलू नको! डब्यान एक बोलतंस आन फोनवर दुसरा? दोन तोंडा झाली का तुला तिकरं जाऊन? भयनीचा लगीन हाय, आन आयेला खेळवतंस?"

मी पक्याच्या मागे लपायला जागा शोधत होतो. अजून वाचायला चान्स होता, सांगतो ना! लाईन क्रॉस झाली बोललो असतो, तर काकीने मानलं असतं. कॉम्प्युटरमधलं तिला काय कळतंय? माझी मिशी, माझं इंजिनेरपण, सगळं शाबूत राहिलं असतं.

पण काकी बोलता बोलता थांबली. रिसीव्हर कानाला घट्ट लावून हळूच बोलली, "अरं... रडतंस कशाला?"

मग मात्र राहवलं नाही. मी पुढे झालो आणि दोघांना ऐकू जाईल असं रिसीव्हरजवळ तोंड नेऊन बोललो, "काकी, त्याला ओरडू नकोस. तो नाय बोलला. मी बोललो."

"काय बोललास तू?"

"सगळं. येतो, भाकरी, आठवण, अत्तर. सगळं मीच."

काकीच्या हातातून रिसीव्हर खाली लोंबला. ती खुर्चीत बसली. ओरडली असती, थोबाडीत दिली असती तर परवडलं असतं. ती नुसती बसली, हात मांडीवर ठेवून.

लोंबणाऱ्या रिसीव्हरमधून आवाज येत होता, "मंग्या! ए मंग्या!" मी उचलला. म्हटलं, आता तिकडच्या पण शिव्या खाऊन घेऊ.

हरेश नाक ओढत बोलला, "मी अजून काय काय बोललो रे?"

"म्हणजे?"

"आयेला. काय काय बोललो मी?"

मी सांगितलं. सगळ्यांच्या समोर, मान खाली घालून. हातच्या भाकरीची याद येते बोललास. काम कमी कर बोललास. रात्री लय आठवण येते बोललास.

 मग तो बोलला, "सुट्टीचा सोड, बाकी सगला खरा हाय म्हणून सांग तिला. मला नाय जमत असा बोलाया. आन तिला सांग, तिने गेल्या वर्षी दोस्ताबरोबर धाडलेली सुकट मी अजून उघडली नाय. डबा तसाच हाय. उघडली तर संपंल ना..."

आणि लाईन कटली!

मी वळलो. "काकी, हरेश बोलतोय, सुट्टीचं सोडून बाकी सगळं खरं आहे. आणि तू धाडलेली सुकट त्याने अजून उघडली नाही. संपेल म्हणून."

 जाऊ फणकारली, "झाला याचा परत चालू!" पक्या, माझा सख्खा दोस्त पक्या, तो पण बोलला, "बस कर ना मंग्या, किती फेकशील?"

आई शप्पथ, जन्मात पहिल्यांदा खरं बोलत होतो आणि अख्ख्या आळीत एक माणूस ऐकायला तयार नाही!

काकी माझ्याकडे बघत होती. "यो त्यो बोलला, का तू?"

"तो."

"मंगाशी बी असाच बोललास."

मग म्हटलं, आता ठेवायचं तरी काय शिल्लक? "काकी, मगाशी नेट लागलंच नव्हतं. मोडेमचा प्लग भिंतीत राहिला, लाईट कुठून येणार? बॅटरी तुला फुकट आणायला लावली. फोन पहिल्यांदा वाजला तो राँग नंबर नव्हता, हरेशच होता, मी ठेवून दिला. पक्याशी पैज लावलेली, ती मी हरलो. हे सगळं माझं. सुकटीचं तेवढं त्याचं."

 काकीच्या ओठाचं एक टोक हललं.

"वरीसभराची सुकट," ती बोलली. "एवरे गर्मीन. किडे परले असतील तिच्यान, किडे! येडा कुठला!" आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी चाललेलं. वनिताने तिच्या गळ्यात हात टाकला.

मी घाबरत विचारलं, "म्हणजे पटलं ना काकी? मी बनवलं नाय."

"पटला रं," काकीने डोळे पुसले आणि मला नीट आपादमस्तक बघितलं. "यो माजाच पोर. असा बोलाया मानूस खरा लागतंय. तुज्या डोक्यान नाय यायचा."