मागेच राहिलेली हद्द

बसमध्ये मी शर्टाची वरची तीन बटणं काढली, तेव्हा समोरच्या आजीबाईंनी घाईने खिडकीबाहेर पाहिलं. माझा हेतू अगदी शुद्ध होता. पासपोर्ट गळ्यातल्या कापडी पिशवीत, शर्टाच्या आत होता. जर्मनीतून नेदरलँड्समध्ये शिरताना साहेबाने मागितला, तर तो झटकन काढता यावा, एवढंच.

"बाबा, आधी बटणं लावा," मुलगी दबक्या आवाजात म्हणाली. "हद्द केव्हाच मागे गेली."

मी वळून पाहिलं. ना फाटक, ना नाका, ना शिट्टी. रस्त्याकडेला एक निळी पाटी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना तसंच गवत, तशाच गाई. आजीबाई परक्या देशात भाजी आणायला निघाल्या होत्या, पण चेहरा कोपऱ्यावरच्या दुकानात जाणाऱ्या बाईचा. कपडा शिवून झाला की कच्चा टाका ओढून काढतात, तशी या लोकांनी ही रेघ अलगद काढून टाकली आहे, असं वाटलं.

पण काढली ती त्यांच्यापुरतीच. मुलगी जर्मनीत नोकरी करते. तिचा राहण्याचा परवाना महिनाअखेर संपतोय, आणि वाढवून मिळणार की नाही, ते अजून कळलेलं नाही. बसमधून उतरल्यावर बाजारात मात्र ती सगळ्यांच्या पुढे, आम्हाला चीज दाखवत हसत चालली होती.

बायको जरा मागे रेंगाळली आणि मला म्हणाली, "रोज हात जोडते हो, पण मागू काय? परवाना मिळू दे म्हटलं, तर पोर लांबच राहणार. नको मिळू दे म्हणायला जाते, तर तिचा हा चेहरा डोळ्यांसमोर येतो."