पाथरवटाच्या घरचं जातं

विठोबा पाथरवट दगडाला आधी कान लावी, मग हात. घाटाखालच्या खाणीत काळ्या दगडावर हातोडा मारून बघायचा. आवाज खणखणीत आला की पाचरी ठोकून तेवढाच तुकडा डोंगरापासून सोडवायचा. बद्द वाजणाऱ्या दगडाकडे तो ढुंकूनही बघत नसे. त्याचा बाप, आजा याच खाणीत जाती घडवत आलेले. ती बैलगाडीतून आचऱ्याला, मालवणला जात. आपल्या जात्यावर लग्नाची हळद दळली गेली, असं कोणी सांगितलं की स्वारी दिवसभर खुशीत.

लग्न झाल्यावर त्यानं बायकोसाठी, पद्मावतीसाठी, जातं केलं. पाथरवटाची बायको लहान जात्यावर दळणार, हे काही त्याला पटेना. खाणीतला सगळ्यात मोठा दगड त्यानं त्यासाठी काढला. पाहुणे आले की चहाच्या आधी ते जातं दाखवायचा, आणि पद्मावती पदर सावरून बाजूला हसत उभी. सासू होती तोवर खुंट्याला दुसरा हात होता. ती गेल्यावर पद्मावती एकटीच ओढू लागली.

साठ सालच्या सुमारास गावात पिठाची गिरण आली. तोवर पद्मावतीचा उजवा खांदा कामातून गेला होता. एके सकाळी ती तांदळाची टोपली घेऊन निघाली, तसा विठोबा दारात आडवा झाला.

"पाथरवटाच्या घरात गिरणीचा पीठ? लोक माझ्या तोंडात शेण घालतीत."

"मगे तुमीच दळा," पद्मावती शांतपणे म्हणाली. "माझो हात आता वर येयना."

विठोबा इरेला पेटला. पुरुषानं दळायची रीत नव्हती, म्हणून दार लोटून जात्याशी बसला. आजवर त्यानं कितीतरी जाती फिरवून पाहिली होती, पण ती खाणीत, रिकामी, वरखालच्या दोन्ही तळ्या एकमेकींवर नीट बसल्या की नाही एवढ्यापुरती. दाणे घातलेलं जातं त्यानं जन्मात ओढलं नव्हतं. थोड्याच मुठींत त्याच्या तोंडाला फेस आला. घण मारणारा गडी तो, तरी खांद्यातून कळ निघाली. पद्मावतीच्या इतक्या वर्षांच्या दळणाच्या पहाटा त्याच्या डोळ्यांपुढे आल्या आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"ह्या इतक्या जड आसा, तां तू माका कदी सांगलंस नाय?"

"तुमी इतक्या हौशेन केलास. सांगू कसा?"

विठोबानं टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि भर बाजारातून गिरणीवर गेला. लोकांनी टोमणे मारले. त्यानं ते हसून घेतले. पुढं तो लहान, हलकी जाती घडवू लागला. गिरण असली तरी कुळीथ भरडायला घरात जातं लागायचंच, त्यामुळं गाडी भरून जाई. पण गाडीत चढवण्याआधी प्रत्येक जात्यात मूठभर कुळीथ घालून तो पद्मावतीला हाक मारी. तिच्या दुखऱ्या हाताला न झेपणारं जातं त्यानं पुन्हा कोणाच्या घरी जाऊ दिलं नाही.