साठावर अडकलेला काटा

शैलजा गावंडे झोपण्याआधी अंथरूण झटकते. बाहेर उणे पंचवीस, खिडकीखाली गुडघाभर बर्फ, घर दुसऱ्या मजल्यावर. तरी चादर उचलायची, चारही टोकं धरायची आणि दोनदा फडाफडा झटकायची. मिनेसोटातल्या ईडन प्रेरीच्या मराठी मंडळातल्या बायकांना हे कळलं तेव्हा त्या खूप हसल्या. हसू द्या. त्यांच्यापैकी कुणाच्या शेजारी काका झोपलेला नव्हता.

भिवापूरजवळच्या गावात, ती नऊ वर्षांची असताना, घरातली सगळी ओसरीवर ओळीने निजली होती. मण्यार काकाच्या वाकळीत शिरली. दंश एवढा बारीक होता की काका उठलाही नाही. पहाटे त्याची जीभ जड झाली, पापण्या उघडेनात; उजाडेपर्यंत तो गेला. त्याच्यात आणि शैलजात अंतर होतं ते दोन वितींचं. ते तिने आयुष्यभर मोजलं.

अशा बाईच्या घरात साप आला. तोही तिला न विचारता.

तिचा नवरा संजीव आयटीत. त्या हिवाळ्यात तो टेक्ससमधल्या अर्विंगच्या प्रोजेक्टवर होता. सोमवारी पहाटे विमान पकडायचा, गुरुवारी रात्री परतायचा. मुलगी निधी सोळा वर्षांची. तिच्या शाळेतल्या बायॉलॉजीच्या बाईंनी गाव सोडलं आणि वर्गात पाळलेला बॉल पायथन, म्हणजे छोटा अजगर, कुणीतरी न्यावा म्हणाल्या. निधीने वडलांना टेक्ससला फोन लावला, वडील मीटिंगमध्ये होते, "हो हो, ने" म्हणाले. संपलं. त्याच दिवशी काचेची टाकी, जाळीचं झाकण, वरचा दिवा आणि आत हातभर लांबीचं ते वेटोळं, असं सगळं निधीच्या खोलीत येऊन बसलं. नाव काय, तर नूडल.

"विषारी नाहीये, आई. ही इज लाइक अ पपी."

"पपीला पाय असतात," शैलजा म्हणाली आणि त्या खोलीत केर काढणं तिने बंद केलं.

नोव्हेंबरात एकदा झाकण नीट बसलं नव्हतं. शैलजाने धुण्याची टोपली उचलली तर मागे तो. तिची किंकाळी खालच्या मजल्यावर गेली. निधीने धावत येऊन त्याला उचललं, छातीशी धरलं, आणि शैलजाच्या तोंडून निघून गेलं, "मरू दे एकदाचा!"

निधी त्याला घेऊन खोलीत गेली. तेव्हापासून मात्र आईशी तिचं बोलणं म्हणजे 'ओके', 'फाइन', 'व्हॉटेव्हर'. तीन महिने. घरात दोनच माणसं, आणि त्यातलं एक असं.

फेब्रुवारी २००७. निधीच्या फ्रेंचच्या वर्गाची दहा दिवसांची क्यूबेकची सहल होती. साप तिची मैत्रीण आश्लेषा सांभाळणार होती. निघण्याच्या आदल्या दिवशी आश्लेषाला फ्लू झाला. निधी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे लाल.

"आई, तू करशील? त्याला टच नाही करायचं. खायलाही नाही द्यायचं, तो कात टाकणार आहे. डोळे निळे झालेत बघ. फक्त ह्युमिडिटी. साठच्या खाली गेली तर कात तुकड्यातुकड्यात निघते, डोळ्यांवर अडकते. मग ही कॅन गो ब्लाइंड." आणि मग जरा थांबून, इकडे न बघता, "प्लीज, त्याला मरू देऊ नकोस."

ते 'मरू देऊ नकोस' कुठून आलं ते शैलजाला बरोबर कळलं. ती "हो" म्हणाली.  हा साप दगावला किंवा आंधळा झाला, तर मुलीच्या डोक्यात एकच गोष्ट बसणार होती: आईने बोलल्यासारखं केलं.

निधीने दोन पानांच्या सूचना लिहून दिल्या, एक स्प्रेची बाटली दिली, आणि टाकीला आतून चिकटवलेलं, दमटपणा मोजणारं गोल घड्याळासारखं यंत्र दाखवलं. त्यात शून्य ते शंभर आकडे आणि लाल काटा. काटा अठ्ठावन्नवर होता.

पहिल्या दिवशी शैलजा दारातच पाच मिनिटं उभी राहिली. मग हात पुढे लांब करून, तोंड बाजूला वळवून, जाळीतून फस फस पाणी मारलं आणि मागे पळाली. दारातून मान वाकडी करून पाहिलं. काटा साठ. झालं! दिवसातून तीनदा तिने हेच केलं. दर वेळी हात जितका पुढे जायचा तितकाच जायचा, त्यामुळे पाणी टाकीच्या अलीकडच्याच कोपऱ्यात पडायचं, त्या गोल यंत्रावर. काटा साठ. सकाळी साठ, दुपारी साठ, संध्याकाळी साठ. शैलजाला जरा अभिमानच वाटला. फोनवर संजीवला म्हणाली, "एक टक्का हलू दिला नाही."

पाचव्या दिवशी नूडल लपायच्या पेटीतून बाहेर येऊन पसरला होता आणि त्याच्या अंगावरची कात फाटक्या कागदासारखी सुटली होती. चट्टे, पापुद्रे, मधेच नवी चमकदार कातडी, मधेच जुनी करडी. शेपटीच्या टोकाला आवळून बसलेलं कडं. आणि डोळे अजून धुरकट. त्या धुरकट डोळ्यांनी तो तिच्याकडे बघत होता की नव्हता, कळत नव्हतं. तेच जास्त भयंकर होतं.

तिने शोभाला फोन केला. शोभा कदम सांगलीची, मंडळातली तिची एकुलती एक जवळची मैत्रीण. प्रत्येक दुखण्यावर शोभाकडे घरगुती औषधाचा एक डबा ठरलेला.

"अगं, मग खोबरेल लाव की!"

"सापाला?"

"कातडी ती कातडी. माझ्या टाचा बघ या थंडीत, साप बरा. कोमट कर, लाव, दोन दिवसांत मऊ पडतंय का नाही सांग."

"शोभा, मला त्याच्याजवळ जाववत नाही गं."

"मग लांबनं लाव. उलथन्याला ब्रश बांध!"

हसू नका. तिने खरंच बांधला. केक रंगवायचा ब्रश लाकडी उलथन्याला रबरबँडने बांधून, झाकण चार बोटं सरकवून, डोळे अर्धे मिटून शैलजाने पायथनला खोबरेल लावलं. मिनेसोटाच्या हिवाळ्यात मराठी माणूस स्वतःला, पोराला, दाराच्या बिजागरीला हेच करतो. साप एकदम आखडला, त्याचा चेंडू झाला, आणि तेल लागलेल्या अंगाला खालचा लाकडाचा भुसा सगळीकडून चिकटला. नाकपुड्यांपाशीसुद्धा.

मग तिने निधीचे कागद काढले. पहिलं पान तिला पाठ होतं. दुसरं पान तिने उलटलंच नव्हतं. तिथे मोठ्या अक्षरांत, खाली दोन रेघा मारून इंग्रजीत लिहिलं होतं: लोशन नाही, तेल नाही. नेव्हर.

 निधी यायला पाच दिवस होते. शैलजा पलंगाच्या कडेवर बसली, आणि तिची नजर पुन्हा त्या काट्यावर गेली.

साठ.

आता इथे शैलजा गावंडे कोण होती ते सांगायला हवं, कारण ईडन प्रेरीत ते कुणालाच माहीत नव्हतं. तिथे ती संजीवची बायको. एच-फोर व्हिसा, म्हणजे राहा, जेवा, नवऱ्याची वाट बघा, पण कामाला हात लावू नका. सरकारनेच हात बांधून ठेवलेले. पण नागपुरात अकरा वर्षं ती एका कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये सहायक होती. प्रयोग प्राध्यापकांच्या नावावर, आणि तो जुळवणारी ही. कुठला व्होल्टमीटर खोटं बोलतो ते तिला त्याच्या काट्याच्या थरथरीवरून समजायचं. ज्या यंत्राचा काटा दिवसभर एकाच जागी बसतो त्याला ती पोरांसमोर म्हणायची, "हे मेलं आहे, याला बाजूला ठेवा."

पाच दिवस ती मेलेल्या यंत्राला नमस्कार करून राहिली होती. पाच दिवस!

तिचा राग असा उसळला की भीती क्षणभर बाजूला झाली. निधीच्या खणात माशांच्या जुन्या टाकीचे दोन काचेचे थर्मामीटर होते. एकाच्या बुडाला तिने धोतराच्या मऊ चिंधीची पट्टी गुंडाळली, पट्टीचं टोक औषधाच्या टोपणात पाण्यात सोडलं. ओला आणि कोरडा. हवा जितकी कोरडी, तितका ओल्याचा पारा खाली. पंचवीस वर्षांपूर्वीचा, शाळेच्या पुस्तकातला साधा प्रयोग. पण तो टाकीच्या आत ठेवायचा, तर झाकण पूर्ण काढायला हवं. हात आत घालायला हवा. कोपरापर्यंत.

ती किती वेळ उभी होती कोण जाणे.  शेवटी तिने झाकण उचललं, हात घातला, थर्मामीटर टेकवले आणि हात ओढून घेतला तेव्हा बगल घामाने भिजली होती. पुठ्ठ्याने वारा घातला. दहा मिनिटांनी वाचलं. कोरडा अठ्ठ्याऐंशी फॅरनहाइट, ओला त्रेसष्ट. पंचवीस अंशांचा फरक! कोष्टकात बघायची गरजच नव्हती, तरी तिने कॉम्प्युटरवर शोधून बघितलं. बावीस टक्के. काटा साठ सांगत होता आणि साप भट्टीत सुकत होता. वर दिवा, खाली हीटिंगची झळ, जाळीतून सगळी ओल उडून जायची. आणि यंत्रातली बारकी स्प्रिंग तिनेच रोज पाणी मारून अडकवली होती. लांबून.

प्राण्यांच्या दवाखान्यात फोन लावला. इंग्रजी तिला येत होतं, पण भीतीत ते जिभेवर गोळा व्हायचं. "माय डॉटर्स स्नेक. स्किन इज नॉट कमिंग. आय पुट ऑइल. कोकोनट."

 पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, सापांचे डॉक्टर सोमवारीच. तोवर कोमट पाण्याने तेल हलकेच पुसा. हवेला भोकं पाडलेल्या डब्यात ओले, पिळलेले टॉवेल घाला, त्यात त्याला तासभर ठेवा, तो टॉवेलांतून सरकेल आणि कात आपोआप निघेल. डोळ्यांवरचं मात्र ओढू नका. काही झालं तरी ओढू नका.

"हू विल पुट हिम इन द बॉक्स?" शैलजाने विचारलं.

"वेल… यू, मॅम."

संजीवला फोन केला तर तो म्हणाला, "या आठवड्यात सुटका नाही, पुढच्या गुरुवारी येतो, मग बघू." गुरुवारपर्यंत शेपटीवरचं कडं वाट बघणार होतं का? तिने फोन आपटला. डबा आणला, झाकणाला तापल्या सळईने भोकं पाडली, टॉवेल कोमट पाण्यात बुडवून पिळले.

मग हात.

दोन्ही हात आत गेले तेव्हा तिच्या कानांत स्वतःचं रक्त ऐकू येत होतं. बोटं टेकली. तिला वाटलं होतं, गार, ओलं, गिळगिळीत लागेल. तसं नव्हतं. कोरडं होतं, कागदासारखं, आणि आत कुठेतरी एक जिवंत जडपणा. तिने उचललं. साप सावकाश तिच्या मनगटाभोवती आला, आणि आवळला.  सोडून द्यावं, टाकून द्यावं, पळावं, असं सगळं अंग सांगत होतं. टाकला असता तर टाकीच्या कडेवर पडला असता. तिने दात आवळले. दोन पावलं. डबा. त्याने मनगट सोडायला एवढा वेळ घेतला की ती उभ्या उभ्या रडली.

तासाभराने पाठीची कात टॉवेलांना चिकटून निघाली होती. शेपटीचं कडं दुसऱ्या दिवशी सुटलं. जाळीवर तिने ओला टॉवेल पसरला, त्यावर फॉइल, दिवा कोपऱ्यात सरकवला, पाण्याचं भांडं मोठं ठेवलं. दर दोन तासांनी ओला-कोरडा वाचून वहीत लिहिलं: एकेचाळीस, बावन्न, पुन्हा शेहेचाळीस, एकसष्ट. रोज डबा, रोज हात. भीती कमी झाली म्हणणारे लोक खोटं बोलतात. रोज तेवढीच होती. चौथ्या दिवशी उजवा डोळा काळाभोर चमकला. डाव्यावर ती धुरकट टोपी तशीच. चिमटा तिने खणातून काढला, हातात धरला, आणि परत ठेवला. सूचना होती: ओढू नका.

रविवारी दुपारी निधी आली. बूट काढायच्या आधीच शैलजाने सांगून टाकलं. "यंत्र माझ्यामुळे बिघडलं. मी तेल लावलं त्याला. डाव्या डोळ्यावर कात अडकलीय. तुझा कागद मी पूर्ण वाचला नव्हता."

निधीचा चेहरा पांढरा पडला. "ऑइल? आई! आय रोट इट! आय अंडरलाइन्ड इट!" ती बूट घालूनच खोलीत धावली. शैलजा दाराबाहेर उभी. आत टाकीचं झाकण सरकलं.  

मग आतून प्रश्न आला. "हे काय आहे? टू थर्मामीटर्स?"

शैलजाने दारातूनच सांगितलं. ओला, कोरडा, फरक, कोष्टक. निधी वहीची पानं उलटत होती. "आणि डब्यात कोणी टाकलं त्याला? बाबा?"

"बाबा टेक्ससमध्ये होते."

निधीने वर पाहिलं. आईच्या मनगटाकडे, मग तोंडाकडे. रडत होती की चिडली होती, दोन्ही होतं. "यू कुड हॅव ब्लाइंडेड हिम," ती म्हणाली. हळू म्हणाली.

"हो."

सोमवारी डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं. खालचा डोळा शाबूत दिसतो, म्हणाले. आज काही करायचं नाही. पुढची कात साधारण सहा आठवड्यांनी. तेव्हा ही टोपी तिच्याबरोबर निघाली तर निघाली. नाही निघाली तर पुन्हा आणा. तोवर दमटपणा सत्तर, एक दिवसही खाली नको.

गाडीत निधीने डबा मांडीवर धरला होता. बर्फाचे ढीग काचेबाहेरून मागे जात होते. सिग्नलला थांबल्यावर ती म्हणाली, "माझी शाळा साडेसातला. संध्याकाळी मी बघते. दिवसा तू. डब्यात टाकायचं, रीडिंग घ्यायचं. सहा आठवडे. तुला जमेल?"

शैलजाच्या हातांना स्टिअरिंगवर घाम फुटला. सहा आठवडे. रोज. घरात दुसरं कुणी नसताना.

"तुझं नवीन यंत्र आण," ती म्हणाली, "पण मी माझं काढणार नाही."

"ओके," निधी म्हणाली, आणि तिच्या दिशेने डबा जरा कलता केला, म्हणजे तिलाही आत दिसावं.

शैलजाने रस्त्यावरची नजर हलवली नाही; आत उद्या सकाळी बघायचंच होतं.