सल्लागार बाईंचा सत्कार

नाहीच म्हणायचं, असं ठरवून मी त्या शनिवारी बिबवेवाडीला गेले होते. सल्लागार मंडळावर या, असा संस्थेचा आग्रह तीन आठवडे चालला होता. शाळेची मुख्याध्यापिका, शिवाय पेशंटची बायको. त्यांना याहून सोयीचं नाव कुठलं मिळणार होतं?

विस्मरणाचा आजार झालेल्या म्हाताऱ्यांना ही संस्था दिवसभर सांभाळते. माझे मिस्टर दीड वर्षापासून तिथे जातात. सकाळी हडपसरहून रिक्षाने त्यांना सोडायचं, तसंच शाळेत पळायचं, संध्याकाळी परत आणायचं. हे चालतात फार. दार उघडं दिसलं की निघाले! त्यापायी तीन ठिकाणी आम्हाला हात जोडून नको म्हटलं होतं. ही चौथी जागा गेली असती तर मी काय केलं असतं? नोकरी सोडता येत नव्हती आणि यांना घरात कोंडायला मन धजत नव्हतं.

आणि महिन्यापूर्वी मी एकदा दुपारी अवचित गेले, तर हे खुर्चीला बांधलेले. कमरेभोवती ओढणी, मागे घट्ट गाठ. तिथल्या मावशी म्हणाल्या, "मग काय करू ताई? आम्ही दोघी, माणसं अठरा." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. शाळेत भल्याभल्यांना दम देणारी बाई मी, पण तिथे जीभ रेटली नाही. उद्यापासून आणू नका म्हणाले तर? मुकाट्याने घरी आले. काय ही लाचारी माझी! पण अशा संस्थेच्या पत्रावर सल्लागार म्हणून माझंच नाव छापायचं, हे काही सहन होईना. तेवढं तरी नाही म्हणेन, म्हटलं.

दारात रांगोळी होती. आत खुर्च्या मांडलेल्या, माइक लावलेला. मला वाटलं, कुणाचा तरी वाढदिवस असेल. सचिवबाई लगबगीने पुढे आल्या. "या या मॅडम, तुमचीच वाट बघतोय."

"अहो, मला आधी तुमच्याशी बोलायचंय," असं म्हणेपर्यंत खांद्यावर शाल पडली आणि हातात नारळ आला. आपल्याकडे होकार विचारत बसत नाहीत, सत्कार करून मोकळे होतात. एकदा नारळ घेतल्यावर नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत बसून हेही टाळ्या वाजवत होते, अगदी मनापासून. त्यांच्या मांडीवर चादर नीट पसरली होती. तिच्याखाली काय आहे ते मला ठाऊक होतं.

"मॅडम, दोन शब्द बोला ना."

माइककडे जाताना यांच्यापुढूनच जावं लागलं. यांनी माझ्या शालीचं टोक धरलं. हल्ली ते मला ओळखत नाहीत. चेहऱ्यावर मात्र जुनी अदब होती, ऑफिसात साहेबांशी बोलतानाची.

"अहो बाई," ते हळूच म्हणाले, "तुम्ही इथल्या मोठ्या दिसता. मला सोडायला सांगता का जरा यांना? घरी बायको वाट बघत असेल."

"सांगते हं," मी म्हणाले.

मग माइकपुढे उभी राहिले आणि संस्थेचे मनःपूर्वक आभार मानले.