चिंगीने पाठ केलेला पत्ता

आमच्या दुकानात सूट शिवायला येणारी सगळीच माणसं काही सरळ उभी राहत नाहीत. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाला पोक आलेलं, कुणाचं पोट टेपला दाद देत नाही. पण मास्तरांनी कापलेला कोट अंगावर चढला की सगळे कसे ताठ दिसतात. उतरत्या खांद्यात मास्तर अस्तराखाली कापसाची जादा घडी घालतात आणि गिऱ्हाइकाला त्याबद्दल चकार शब्द बोलत नाहीत. "मावशी, उणं प्रत्येकात असतं. ते बाहेर दिसता कामा नये, एवढंच आपलं काम," असं ते मला नेहमी सांगायचे. मी मागच्या खोलीत काजं करते, त्यामुळे कोटांच्या पोटात काय दडलंय ते मला आधी कळतं.

मास्तर म्हणजे आमचे कटिंग मास्तर. वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे, पण रुबाब मालकापेक्षा मोठा. शर्टाची इस्त्री मोडेल म्हणून बाकावर पाठ टेकत नसत. राहायला जवळच, चौकातल्या घड्याळवाल्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. खोली एकच होती, पण पत्ता असा की ऐकणाऱ्याने मान डोलवावी. मुलगी चिंगी तिथल्याच नावाजलेल्या शाळेत पहिलीत होती. तिच्या वर्गातल्या पोरांचे बाप आमच्याकडे सूट शिवायचे, आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खात होतं.

मास्तरांना दुसरं बाळ झालं. खोलीत पाळणा ठेवला की दार पुरतं उघडेना. त्यात घरमालकाने भाडं वाढवलं. मास्तरांची बायको व्यवहाराला पक्की. बाळाला कडेवर घेऊन ती वणवण हिंडली आणि शहराच्या टोकाला, शेवटच्या बसथांब्यापाशी, दोन खोल्यांचं घर तिने शोधून काढलं. पाण्याच्या टाकीमागे पिवळ्या इमारतींच्या रांगा आहेत, त्यातल्या एकीत. खिडकीतून ऊन येतं, नळ घरात आहे, भाडं निम्मं. दुसरा कुणी असता तर पेढे नाही तरी चहा तरी पाजला असता. मास्तरांनी मात्र मनाला लावून घेतलं. सामान हलवलं तेही अंधार पडल्यावर. खाली घड्याळवाल्याला सांगितलं, "दोन गल्ल्या पलीकडे मोठी जागा मिळाली." दुकानात तर सांगितलंच नाही.

मग मला कसं कळलं? अहो, मी तिथलीच. त्या टाकीमागे माझा जन्म गेलाय.

एके सकाळी आमच्या बसथांब्यावर मला तीच इस्त्री दिसली. शेजारी चिंगी, पाठीवर दप्तर. मी हाक मारणार, तेवढ्यात मास्तरांनी मला पाहिलं आणि गर्रकन भिंतीकडे तोंड फिरवलं. भिंतीवर उंदरांच्या औषधाची जाहिरात होती. इतक्या मन लावून ती आजवर कुणी वाचली नसेल. मी बसमध्ये मागे जाऊन बसले. दुसऱ्या दिवसापासून मास्तर आधीची बस पकडू लागले.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, भयंकर राग आला. आमचा भाग म्हणजे काय गटार आहे? आम्ही काय तिथे माणसं म्हणून राहत नाही? दुकानात मास्तर सहज म्हणायचे, "आज आमच्या चौकात फार गर्दी होती हो," आणि मी सुई दाताखाली धरून म्हणायचे, "असेल हो, चौकच तो!" मालक हसायचे, त्यांना वाटायचं आमची नेहमीची थट्टा. पण रागाच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं. ज्याच्या शेजारी बसून इतकी वर्षं डबा खाल्ला, त्याला माझ्या गल्लीत दिसण्याची लाज वाटते, हे समजल्यावर मी घरी जाऊन माझ्याच भिंतींकडे परक्यासारखी बघू लागले. पोपडे कुठे आलेत, ते मला पहिल्यांदा दिसले. ते मला मास्तरांनी दाखवले, म्हणून मी त्यांच्यावर जास्त चिडले.

एकदा बस चुकली म्हणून की काय, मास्तर पुन्हा माझ्या बसमध्ये होते. गर्दीत मी त्यांच्या मागच्याच बाकावर, त्यांना पत्ता नाही. लेकीची उजळणी चालली होती.

"शाळेत कुणी विचारलं, कुठे राहतेस, तर?"

"चौकात, घड्याळवाल्याच्या वर, दुसरा मजला, डावीकडचं दार," पोर पाढे म्हणावेत तशी म्हणाली.

"आणि इथे कुणी विचारलं तर?"

"इथे बोलायचंच नाही. अळीमिळी गुपचिळी."

"शाब्बास. वर्ष संपेपर्यंतच हं राणी. मग बघू."

पोरीने ओठांवर बोट ठेवलं आणि दोघं हसली. तिला तो खेळ वाटत होता. मी खिडकीबाहेर बघत बसले. त्याच वेळी पुढे वाकून कान धरायला हवा होता बापाचा, पण दुसऱ्याच्या लेकराला काय शिकवावं हे सांगणारी मी कोण?

मास्तरांच्या बायकोलाही तशीच ताकीद असणार. कारण आमच्या बायका नळावर म्हणायच्या, "ती सहा नंबरमधली नवीन बाई फार शिष्ट आहे. हसत नाही, बोलत नाही. दारावर पाटी नाही. पोरीलासुद्धा खाली खेळायला सोडत नाही." मी ऐकून घ्यायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, मास्तरांनी बायकोपोरांसकट मूठ झाकली होती.

मग एके दिवशी शाळेला सुट्टी होती. दुकानात एक वकीलसाहेब ट्रायलला आले होते. कोटाला नुसते कच्चे टाके, एक बाही अजून लागायची होती, आणि मास्तर तोंडात टाचण्या धरून त्यांच्याभोवती फिरत होते. फोन वाजला. मालकांनी घेतला, ऐकलं आणि रिसीव्हरवर हात ठेवून ते गोंधळून म्हणाले, "मास्तर, घड्याळवाला बोलतोय. तुमची मुलगी एकटीच तुमच्या जुन्या दारात उभी आहे म्हणतो. आणि तिथे आता दुसरीच माणसं राहतात म्हणतो. काय प्रकार आहे?"

मास्तरांच्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या. चिंगी घरी होती, आईपाशी, तिकडे टाकीमागे. एवढं बसचं अंतर ओलांडून ती चौकात आली कशी? त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. वकीलसाहेबांना एका बाहीवर तसंच सोडून ते धावत सुटले. "मावशी, जा त्यांच्याबरोबर," मालक मला म्हणाले. मी सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं टोपण न काढता मागे पळाले.

जिन्यात ही गर्दी. घड्याळवाला, वरच्या मजल्यावरच्या जुन्या शेजारणी, आणि त्या डावीकडच्या दारात नव्या भाडेकरूंची सून, हातात दुधाचा पेला घेऊन. पायरीवर चिंगी बसलेली, गालांवर रडून वाळलेले ओघळ. तिच्याजवळ एक नर्सबाई उभी होती, गणवेशात, कामावर निघालेली. तिनेच पोरीला आणलं होतं.

"तुम्ही हिचे वडील?" तिने मास्तरांना विचारलं. "शेवटच्या थांब्यापाशी, टाकीजवळ ही रडत उभी होती. तिथल्या सगळ्या इमारती एकसारख्या, मला वाटलं चुकली असेल. मी तीन-चार इमारतींत विचारलं, राखणदार जागेवर नव्हता. कुणी हिला ओळखेना. हिला विचारलं तर ही म्हणते, मी इथली नाहीच. पत्ता मात्र घडाघडा सांगितला, मजल्यासकट. मग माझ्या वाटेवरच आहे म्हणून घेऊन आले. आणि इथे बघते तर हे दुसऱ्यांचं घर!"

"चिंगे!" मास्तरांनी तिला उचलायला हात पुढे केले.

नर्सबाई मध्ये आली. "थांबा. आधी सांगा, ही तिकडे एवढ्या लांब एकटी काय करत होती? तुम्ही राहता कुठे?"

प्रश्न साधा होता. मास्तरांनी एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. घड्याळवाला, शेजारणी, दारातली सून. मला वाटलं, आता तरी. पण सवय कुठली सुटते?

"इथेच... म्हणजे पलीकडच्या गल्लीत," ते म्हणाले. "तिकडे आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो. एका ओळखीच्यांकडे."

"कुठली पलीकडची गल्ली?" घड्याळवाल्याने भोळेपणाने विचारलं. "मी रोज जातो तिकडून, कधी दिसला नाहीत!"

मास्तरांच्या गळ्यातला टेप हलत होता, इतका श्वास लागला होता त्यांना. नर्सबाईचा आवाज चढला. "हे बघा, मला कामावर उशीर होतोय. पण मी असं लेकरू कुणाच्याही हवाली करणार नाही." मग ती चिंगीपुढे उकिडवी बसली. "बाळा, घाबरू नकोस. तूच सांग. तू कुठे राहतेस?"

चिंगीने नर्सबाईकडे बघितलंच नाही. तिने बापाकडे बघितलं. परीक्षेत प्रश्न कळला नाही की पोरं शिक्षकांकडे बघतात, तसं.

"बाबा," ती म्हणाली, "खरं सांगू की आपलं सांगू?"

दुधाचा पेला धरलेल्या सुनेने खाली मान घातली. घड्याळवाला उगाच आपल्या चष्म्याची काच पुसू लागला. एखाद्याला चारचौघांत उघडं पाडलं की बघणाऱ्यालाही अंग चोरावंसं वाटतं, तसं आम्हा सगळ्यांचं झालं. आणि मास्तर, ज्यांनी आयुष्यभर लोकांची उणी अस्तराखाली घातली, ते तिथे सगळ्यांसमोर तसेच उभे. कान लालबुंद, हात कुठे ठेवावेत ते कळत नाही.

"मास्तर," मी म्हणाले, "तिकडे तिची आई वेडीपिशी होऊन हिंडत असेल."

तेव्हा कुठे ते बोलले. "टाकीमागे. सहा नंबर. पहिला मजला. इथलं भाडं झेपेना म्हणून गेलो. बरेच महिने झाले." हे सांगताना ते कुणाकडेच बघत नव्हते. शेवटचे शब्द तर नीट ऐकूही आले नाहीत. नर्सबाईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "खरं आहे. मीही तिथलीच." माझं सांगून झालं तेव्हा मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मला सगळं आधीपासून ठाऊक होतं, हे त्यांना तेव्हा उमगलं.

"अहो, मग सांगायचं की!" वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या. "त्यात काय झालं एवढं?" त्या मायेनेच म्हणाल्या, पण मास्तरांना ते चाबकासारखं लागलं. कुणी हसलं असतं तर परवडलं असतं. त्यांनी पोरीला उचललं आणि कुणाचाही निरोप न घेता जिना उतरले.

बसमध्ये चिंगी बापाच्या खांद्यावर झोपली. मी शेजारी बसले, पहिल्यांदाच. वाटेत ते एवढंच म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी थांब्यावर मला पाहिलं होतंत." मी हो म्हणाले. मग ते पोरीच्या केसांवरून हात फिरवत राहिले. मीही विषय पुढे नेला नाही. माझ्या मनात अजून अढी होती, आणि खांद्यावर झोपलेल्या त्या लेकराकडे बघून ती दुणावत होती.

शेवटच्या थांब्यावर उतरलो तर आमची अख्खी वस्ती रस्त्यावर. नळावर तिला शिष्ट म्हणणाऱ्या बायका हाका मारत फिरत होत्या. राखणदार टाकीच्या शिडीवर चढून आत डोकावत होता. मास्तरांची बायको रस्त्याच्या मधोमध अनवाणी उभी होती. तिचं बाळ कुणा अनोळखी बाईच्या कडेवर होतं. "बाळाला पाजत होते, दार उघडं राहिलं, पोर खाली उतरली ती गेलीच," एवढंच ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

चिंगी जागी झाली. आईने तिला बापाच्या हातून हिसकावून घेतलं, छातीशी धरलं, मग दोन्ही दंड धरून हलवलं. "कुठे गेली होतीस गं? कुठे होतीस इतका वेळ?"

"घरी गेले होते," चिंगी म्हणाली. "पण आई, तिथे आपण नव्हतोच."

आईने नवऱ्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली. भोवती बायका विचारत होत्या, "सापडली ना? कुणाची हो? हे वडील का?" मास्तर मान खाली घालून उभे होते. इतके दिवस मला त्यांना असंच बघायचं होतं, खोटं कशाला बोलू. पण त्या क्षणी मला त्यांच्याकडे बघवलं नाही.