वांग्याच्या पानांची जाळी

आमच्या परसात वांग्याचं एकच झाड आहे. चातुर्मासात आमच्याकडे वांगं वर्ज्य. ते सुटतं चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून. यंदा भरताचं वांगं घरचंच हवं, हा बायकोचा हट्ट.

परवा पानावर एक तांबूस, काळ्या ठिपक्यांचा किडा दिसला. मी हरखलोच. “अगं, फवारू नकोस! हा ढालकिडा. पानांचा रस शोषणारा मावा खाऊन टाकतो. लक्ष्मी आली म्हण!” तिनं निंबोळी अर्काची बाटली खाली ठेवली.

आज पाहतो तर पानांची जाळी झालेली. शिरा तेवढ्या शाबूत, मधलं हिरवं सगळं खरवडून फस्त. बायकोनं किडा बोटावर घेऊन निरखला. “याच्या पाठीला चकाकी कुठाय? हा त्याचा चुलतभाऊ, पानं खाणारा. तुमची लक्ष्मी शाकाहारी निघाली, आणि चातुर्मासही पाळत नाही!”

आम्ही दोघं हसत सुटलो. ठिपक्यांचा तोच अंगरखा घालून एक भाऊ झाड राखतो, दुसरा ते खातो. मित्र कोण नि शत्रू कोण, हे आपण ठरवलेलं. त्याला बिचाऱ्याला फक्त भूक ठाऊक. आणि काय नाजूक कुरतडलं होतं त्यानं! जाळीतून कोवळं ऊन गाळल्यासारखं खाली उतरत होतं.

त्या उन्हात काहीतरी जांभळं चमकलं. गोटीएवढं वांगं! भरल्या पानांआड ते दिसलंच नव्हतं.

बायकोनं बोटावरचा किडा कुंपणापलीकडच्या रानगवतावर सोडला. म्हणाली, “दाखवलंस ते बरं केलंस. आता नीघ.”

मग तिनं बाटली उचलली.