बायको वेचणीला गेली, मी फाट्यावर राहिलो

मागच्या हिवाळ्यात माझ्या जिवलग मित्राने माझ्या डोळ्यांदेखत माझ्या बायकोला गाडीत घालून नेलं, आणि त्याबद्दल मी त्याचा आजन्म आभारी आहे.

मित्र म्हणजे सलीम. लोहाऱ्याला त्याचं गॅरेज आहे. त्याने एक जुनी पांढरी ट्रॅव्हलर घेतली, आत दोन पलंग ठोकले, चादरींचे पडदे लावले, बेसिन बसवलं आणि जाहीर केलं, "ही आपली कॅम्परव्हॅन!" बाहेरून मात्र तिला हातही लावला नाही. त्याचं म्हणणं, माणूस राहतो आत, बाहेरून कायले सजवायची?

ठरलं! मी आणि मंदा, सलीम आणि शबाना भाभी, चौघांनी जंगल, डोंगर पाहत केळापूरच्या देवीपर्यंत जायचं. निघायच्या आधी मी मोठ्या रुबाबात मंदाला विचारलं, "तुला काय पाहिजे? वाघ दाखवू?"

"वाघ राहू द्या," मंदा म्हणाली. "मले एक दिवस सकाळी आयता चहा पाहिजे. मी उठायच्या आधी झालेला. हातात आणून दिलेला."

लग्न झाल्यापासून आमच्या घरातला सकाळचा पहिला चहा तिनेच केला. माझ्या आईबाबांचा, पोरांचा, पाहुण्यांचा, घर बांधायला आलेल्या मिस्त्रीचासुद्धा. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "दिला शब्द!"

"भाईसाब," शबाना भाभींनी विचारलं, "गॅस पेटवता तरी येते का तुम्हाले?"

(येतो. लायटर असला तर.)

पांढरकवड्याच्या रस्त्याला लागलो आणि जीव हरखून गेला. दोन्हीकडे सागाच्या टेकड्या, मधे फुटलेल्या कापसाने पांढरी झालेली वावरं. जिथे थांबू तिथे लोक गाडी पाहायला जमायचे, आणि सलीमने तोंड उघडायच्या आत मीच सांगायला लागायचो. "हा पलंग! हे बेसिन! नळ फिरवून पाहा, खरं पाणी येते!" संध्याकाळपर्यंत मला वाटायला लागलं की ही गाडी मीच बनवली.

मुक्काम केळापूरच्या अलीकडे एका फाट्यावर, एसटीच्या शेडजवळ केला. बायका आत पलंगावर, आम्ही दोघं बाहेर ताडपत्रीवर. शेगडी मी आधीच बाहेर काढून ठेवली होती. शब्द म्हणजे शब्द!

उजाडता उजाडता उठलो. थंडीने बोटं वाकत नव्हती, तरी चहा उकळला. मंदा झोपलेली आहे ना, हे पाहायला मी गाडीचं दार हळूच सरकवलं, आणि तेवढ्यात गावाकडून बाया येताना दिसल्या. डोक्याला रुमाल, साडीवर पुरुषांचे पूर्ण बाह्यांचे शर्ट, हातात डबे. माझी छाती फुगली. बाप्पा, इतक्या सकाळी गाडी पाहायला!

"या, या," मी दबक्या आवाजात म्हणालो, "हळूच पाहा. आत माणसं झोपली आहेत."

त्या पाहायला थांबल्याच नाहीत. एकेक करून आत चढल्या आणि बसल्या! आतून आवाज आला, "सरक वं माय! एकटीच पसरून पडली काहून?"

ते माझ्या बायकोला होतं.

त्यांची पुढारी शेवंताबाई. तिने ताडपत्रीवरच्या सलीमला गदागदा हलवलं. "ओ डायवर भाऊ! झोपून काय राह्यले? वर पाहा, आभाळ आलं! पाणी आलं तं साऱ्या कापसाची माती होईन!"

आता सलीमचा स्वभाव असा, की कोणी 'भाऊ' म्हटलं की त्याच्या तोंडून 'नाही' निघत नाही. डोळे पुरते उघडले नव्हते, बूट उलटे घातले होते, तरी तो स्टिअरिंगवर जाऊन बसला. मी "अबे, अबे" करेपर्यंत गाडी वळलीसुद्धा. मी पातेलं घेऊन मागे धावलो. "सलीम! अबे थांब! मंदा! चहा!"

मागच्या काचेत दोन रुमालांच्या मधे मंदाचा चेहरा दिसला. ती हात हलवत होती. टाटा करत होती की वाचवा म्हणत होती, मला आजपर्यंत कळलेलं नाही.

गाडी दिसेनाशी झाली आणि मोटारसायकलवरून एक गृहस्थ आले. गुणवंतराव, कापसाचे मालक. बायांना वावरात नेणाऱ्या त्यांच्या पांढऱ्या टेम्पोचा टायर फुटला होता आणि तेच सांगायला ते आले होते.

"बाया कुठी गेल्या?"

"गाडीत बसून गेल्या."

"कोणाच्या गाडीत?"

"आमच्या."

गुणवंतराव लाल झाले. वेचणीच्या दिवसांत आमच्या भागात एक वेळ सोनं चोरलेलं माफ होईल, पण दुसऱ्याच्या बाया आपल्या वावरात नेल्या तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. "कोणत्या गावचे हो तुम्ही? लाज नाही वाटत? वर आभाळ, वावरात कापूस, अन् माह्या बाया पळवता?"

"अहो, माझी बायकोसुद्धा त्यातच आहे!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे. आवाज एकदम खाली आला. "मंग बसा मांगं."

वावराच्या रस्त्याने आम्ही उडत निघालो. चहा थोडा माझ्या पॅन्टवर, थोडा त्यांच्या पाठीवर.

"अहो, फेका नं ते पातेलं!"

"नाही! शब्द दिला आहे!"

वावरात गाडी कडुनिंबाखाली उभी होती. बायांनी सलीमला बरोबर गुणवंतरावांच्याच वावरात आणलं होतं! तो एका ओळीत वाकून वेचत होता, भाभी ओढणीत कापूस घेऊन हसत होत्या. आणि मंदा? मंदा धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, पाय पसरून बसली होती आणि तिच्या हातात वाफाळलेला चहा होता. आयता!

"गाडीत रडाले लागली नं बापा ही," शेवंताबाई म्हणाली. "म्हणे आज मले आयता चहा भेटनार होता. म्हटलं, मंग भेटनारच!"

आभाळ भरून आलं होतं, कापूस झाडाला होता, एकेक घटका मोलाची होती, आणि त्या बायांनी बोंडाला हात लावायच्या आधी तीन दगड मांडून माझ्या बायकोसाठी चहा केला होता. माझे डोळे भरून आले. (धूर गेला, असं मी सलीमला सांगितलं.)

मी पातेलं पुढे केलं. तळाशी दोन घोट उरले होते, गारढोण. मंदाने ते आपल्या कपात ओतून घेतले आणि प्यायली.

"साखर टाकलीच नाही तुम्ही," ती म्हणाली. मग कप खाली ठेवून हळूच म्हणाली, "पण केला नं."

त्यानंतर आम्ही सगळेच वेचायला लागलो. मंदा शेतकऱ्याची पोर, तिचे दोन्ही हात सपासप चालत होते. माझ्या कमरेला बांधलेल्या ओट्यात कापसापेक्षा काडीकचराच जास्त! गुणवंतरावांनी माझा ढीग गुपचूप वेगळा ठेवला. दुपारी सगळा कापूस कॅम्परव्हॅनमध्ये भरला, पलंगांवर, बेसिनमध्ये, छतापर्यंत. गाडी त्यांच्या दारात पोचली आणि पाऊस सुरू झाला. एक बोंड भिजलं नाही. ओसरीवर बसून आम्ही भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली, आणि मी मनातल्या मनात त्या फुटलेल्या टायरचेसुद्धा आभार मानले.

परवा गुणवंतरावांचा फोन आला. "कापूस फुटला. सलीमभाऊले गाडी घेऊन पाठवा. दोन्ही वहिनींलेही पाठवा."

"आणि मी?"

पलीकडे गुणवंतराव आधी हसले. मग म्हणाले, "या नं तुम्हीही. बाया बसल्यावर गाडीचं दार लावाले कोणीतरी पाहिजेच."